वनमालाची कुकरची केस

कुकरचं झाकण उडून थेट पत्र्याला धडकलं आणि तुळजाबाईंचं मनगट गरम वरणानं भाजलं. दुसऱ्याच दिवशी त्यांची लेक वनमाला, बीडला वकिली शिकणारी, तो कुकर पिशवीत घालून पाटोद्याच्या बाजारात, जिथून तो घेतला होता त्या अंगदच्या भांड्यांच्या दुकानात शिरली.

"मी वनमाला. ह्या कुकरचं झाकण उडून माझ्या आईचा हात भाजला. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता सांगा."

"ताई, माल होलसेलवाल्यानं दिलाय. माझा काय संबंध?"

"बनवणारा सापडला न्हाई तर विकणारा जबाबदार. ग्राहक कायदाच हाय तसा. आणि हा आयएसआयचा शिक्का बघा… नखानं निघतोय."

तिनं खरंच तो खरवडून काढला. अंगदनं आधी शिक्क्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे… जरा जास्तच वेळ.

"आईंनी झाकण नीट लावलं नसंल," तो पुटपुटला. "थांबा, इथंच दाखवतो."

त्यानं तसलाच नवा कुकर काढून मागच्या गॅसवर डाळ चढवली. दोघं कपाटाआड उभे राहिले, अगदी जवळ. शिट्टी काही होईना. मग असा आवाज झाला, की समोरचा चहावाला चहा उकळता ठेवून पळाला. छतावरची डाळ टपटप अंगदच्या केसांत उतरली.

वनमालाला हसायचं नव्हतं. पण…

"पटलं," डोळे पुसत अंगद म्हणाला. फळीवरचे सगळे कुकर त्यानं खाली उतरवले. "वनमालाबाई, बनवणारा मी हुडकतो. बीडला ग्राहक आयोगापुढं साक्ष बी देतो."

"मघाशी ताई म्हणत होतात."

"ते… आवाजानं विसरलो."

सुनावणीला दोघं पाटोद्याहून एकाच एसटीनं बीडला जायचे. आधी पुढे-मागे बसून, मग शेजारी. होलसेलवाल्यानं माल बंद करायची धमकी दिली, तरी अंगदनं आयोगापुढं सरळ सांगितलं, "न तपासता विकला. चूक माझी बी हाय." निकालात बनवणारा दोषी ठरला, पण भरपाईचा थोडा वाटा अंगदवरही आला.

बीडच्या स्टँडच्या बाकावर वनमालाच रडवेली झाली. "माझ्यामुळं झालं."

"कुकरमुळं झालं," अंगद म्हणाला. "पण आता केस संपली. तुमच्यासंगं बीडला यायला मला कारणच उरलं न्हाई… एखादं द्या की."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला कपिलधारचा धबधबा बघायचाय. एकटीला आई सोडत न्हाई."

"मग आईंना काय सांगायचं?"

"तुमीच सांगा, घरी येऊन. मागणी घालायला आलेल्याला ती हाकलून देत न्हाई."

अंगद उठला आणि भलत्याच, अंबाजोगाईच्या गाडीत चढू लागला. वनमालानं बाही धरून त्याला मागे ओढलं… आणि पाटोदा येईपर्यंत ती बाही सोडली नाही.