वीज राहिली ती सहा मिनिटं

पालमहून गंगाखेडला निघालेल्या एसटीत निवेदिता कॉम्प्युटरची पेटी मांडीवर उभी धरून बसली होती. खड्डा आला, की ती पेटी पोटाशी घ्यायची.

"आडवी धरा, मॅडम," शेजारचा तरुण म्हणाला. "उभ्यात आतल्या पंख्याचा भार बोर्डावर येतो."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तुमी जिथं निघालात ते दुकान माझंच असंल. गंगाखेडात असल्या पेट्या उघडणारे हायत किती?"

तिने हसू दाबत पेटी आडवी केली. एका मांडीवर ती मावेना. अर्धी त्याच्या गुडघ्यांवर गेली… आणि गंगाखेड येईपर्यंत दोघांपैकी कुणीच ती सरकवली नाही.

त्याचं नाव मल्हारी. ती घरच्या पुढच्या खोलीत मुलांचा कॉम्प्युटर वर्ग घ्यायची. बावीस मुलं, कॉम्प्युटर एक. चित्रात रंग भरायला सांगितला, तर मुलं पाणी पिऊन परत यायची तरी तो विचारच करत असायचा.

"नवा घ्यायचं काम न्हाई," दुकानात पेटी उघडून मल्हारी म्हणाला. "हा बोर्ड म्हणजे घर. रॅम म्हणजे ओटा, हाताशी लागणारं सामान मांडायला. दोन्ही धड हायत. डोकं तेवढं थकलंय. याच खाचेत बसणारा तेज प्रोसेसर नांदेडहून मागवू."

"घर तेच ठेवून नुसतं डोकं बदलता येतं?"

"याचं येतं. माझं मात्र जागेवर न्हाई."

"कधीपासून?"

"आज सकाळच्या एसटीपासून," असं म्हणून तो घाईघाईने खाली वाकून स्क्रू शोधू लागला.

जुना प्रोसेसर त्याने तिच्या तळहातावर ठेवला. बिस्किटाएवढा चौकोन, खाली केसांसारख्या शेकडो बारीक पिना. "पोरांना दाखवा."

पुढच्या गुरुवारी, वर्गाच्या सुट्टीला, ती परत गेली. नवा प्रोसेसर बसला, पंखा फिरला, पण पडदा काळाच. मल्हारी कपाळाला हात लावून बसला.

"चूक माझी. कोणते प्रोसेसर आपले, याची एक यादी बोर्डाला पाठ असते. बायोस म्हणतात त्याला. त्या यादीत याचं नाव न्हाई. आधी जुन्याकडून यादी नवी करून घ्यायची, मग जुना काढायचा. मी उतावळेपणा केला."

"एरवीही करता?"

"न्हाई. गुरुवारीच."

ती घरी आली आणि जुना प्रोसेसर ठेवलेली डबी उघडून पाहिली. बावीस मुलांनी प्रोसेसर हाताळला होता. अकरा पिना वाकल्या होत्या.

तिसऱ्या गुरुवारी भुरभुर पाऊस होता. पत्र्यावर त्याचा बारीक आवाज येत होता. मल्हारीने शिवणकामाची सुई काढली. निवेदिता मोबाईलचा उजेड धरून जवळ उभी राहिली.

"मेंढरामागं असताना कोकराच्या खुरातला काटा असाच काढायचो," तो एकेक पीन सरळ करत म्हणाला. "घाई केली की मोडतो." मग मान वर न करता — "सोमवारी हैदराबादला जायलोय मी. तिकडं काम लागलंय. दुकान बंद करायलोय."

उजेड हलला.

"हलवू नका, मॅडम."

"मी कुठे हलवतेय…"

जुना प्रोसेसर बसला. पडदा उजळला. यादी नवी व्हायला सहा मिनिटं लागणार होती.

"मधेच लाईट गेली तर?"

"बोर्ड कायमचा जातो. इन्व्हर्टरची बॅटरीबी संपलीय माझ्या."

पडद्यावर पांढरी रेघ मुंगीच्या चालीने सरकत होती. दोघं हात मांडीवर ठेवून बसले. दिवा एकदा मिणमिणला… आणि पुन्हा नीट लागला.

"खरं सांगू?" ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, जावी लाईट. म्हणजे तुम्हाला अजून एक गुरुवार थांबावं लागलं असतं. मग मुलं आठवली."

"मला पोरंबी न्हाई आठवली," तो म्हणाला.

रेघ पूर्ण झाली. नवा प्रोसेसर पहिल्या झटक्यात सुरू झाला. जुना हातात घेऊन मल्हारी उभा राहिला. "हा मला द्याल? तिकडं टेबलावर ठेवीन."

तिने तो घेतला आणि डबीत बंद केला. "हवा असेल तर पालमला यावं लागेल. रविवारी. बाबा घरी असतात."

"बाबांना काय सांगू?"

"काय राहिलंय ते."

तो हैदराबादला गेल्यावरचा पहिला रविवार तसाच गेला. दुसऱ्या रविवारी फोनवर दोनच शब्द आले, 'सुट्टी न्हाई'. रंग आता क्षणात भरत होते. मुलांना थांबावं लागत नव्हतं. थांबायची ती एकटीच, एसटीचा हॉर्न वाजला की दाराकडे बघत.

तिसऱ्या रविवारी दार वाजलं. तिच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, उघडलं. बाहेर इस्त्रीच्या शर्टातला मल्हारी आणि घडी केलेली घोंगडी हातात घेतलेली त्याची आई बानूबाई.

"कोण हवंय?"

मल्हारीने आईकडे पाहिलं. बानूबाईच बोलली, "माज्या लेकाचं काय तरी राहिलंय म्हनं तुमच्या लेकीपाशी. तीन आठवडे झाले, फोनवर दुसरं बोलतच न्हाई. म्हनलं, चल, मागून बघू."

गोविंदरावांनी मागे वळून पाहिलं. निवेदिता दोन्ही हातांत डबी घेऊन उभी होती — अगदी आडवी धरून.

"आत या," ते बाजूला होत म्हणाले. "आधी चहा घेऊ. मग बघू, ती देते का."