मेरबाईंची तांबडी रेघ

हे खरं आहे. माझ्यासोबत घडलंय. विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू, मी भांडणार नाही.

गाव नंटवेन, वेल्समधलं. साल २०१७, फेब्रुवारीतली सकाळ.

मी नेरिस. इथल्या दवाखान्यात दर महिन्याच्या ठरलेल्या औषधांचं काम माझ्याकडे. गोळ्यांच्या पिशवीतच पुढच्या महिन्याची छापील चिठ्ठी असते. हव्या त्या गोळीपुढे टिक करायची आणि चिठ्ठी आमच्या दारातल्या पेटीत टाकायची. दोन दिवसांत औषध तयार.

त्या सकाळी पेटी उघडली. वरच इड्रिसकाका प्रॉबर्टांची चिठ्ठी.

सगळ्या गोळ्यांपुढे टिक... तांबड्या शाईची. लांब शेपटाची.

मी चिठ्ठी उजेडात धरली.

ही टिक मी ओळखते. मेरबाईंची. त्या इड्रिसकाकांची बायको आणि माझ्या शाळेतल्या बाई. माझ्या वह्यांवर सहा वर्षं हीच टिक होती.

आणि मेरबाईंना जानेवारीतच पुरलं होतं. मी स्वतः गेले होते.

काकांना छापलेलं दिसत नाही, डोळे गेलेत. म्हणून मी फोन केला.

"काका, चिठ्ठीवर टिक कोण करतं?"

"मेर करते की."

"काका..."

"अगं, मी टेबलावर ठेवतो. सकाळी नसते. माझ्यावर विश्वास कुठं होता तिचा कधी!" आणि ते हसले.

मी नाही हसले. मला वाटलं, म्हातारा भ्रमलाय आणि कुणीतरी त्याचा फायदा घेतंय.

कोण? शेजारची डेलिथ, आणखी कोण. घरात येणं-जाणं तिचंच. औषधांची पिशवीही तीच न्यायची. त्यात चिठ्ठीवर दुखण्याच्या जहाल गोळ्या होत्या. त्या चोरून विकणारे आमच्याकडे कमी नाहीत.

मार्चमध्ये पुन्हा तशीच चिठ्ठी आली. सोमवारी डेलिथ पिशवी न्यायला आली, तेव्हा मी सगळ्यांसमोरच विचारलं.

"मेरबाईंचं अक्षर बरं जमतं गं तुला?"

तिचा चेहरा लाल झाला.

"मला चोर म्हणतेस? त्यांना दिसत नाही म्हणून मी रोज हृदयाच्या गोळ्या काढून हातावर ठेवते. त्यांचा कुत्रा फिरवते. आजपासून तूच बघ त्यांचं, शहाणे!"

पिशवी तिथेच टाकून निघून गेली. मी तिच्या तोंडाला दोन पिना मारून ती पोस्टमनच्या हाती काकांकडे पाठवली. गोळ्या कोण काढून देणार, हा विचार मला शिवलासुद्धा नाही. चोर पकडल्याच्या खुशीत होते मी.

शुक्रवार. सकाळी सव्वाआठ. दवाखाना अजून बंद होता, आत मी एकटीच.

पेटीचं झाकण वाजलं...

खट्ट.

मी काचेतून बाहेर बघितलं. रस्त्यावर कुणी नाही. पावलांचा आवाजही नाही.

पेटीत एकच चिठ्ठी... इड्रिसकाकांची. पुढची मागणी तीन आठवड्यांनी होती, तरी आजच.

एकाही गोळीपुढे टिक नाही.

फक्त शेवटच्या गोळीखाली... पट्टीने ओढलेली तांबडी रेघ.

धडा संपला की मेरबाई वहीत अशीच रेघ मारायच्या. त्याखाली काही लिहायचं नसे.

मला राग आला. म्हटलं, डेलिथ खुन्नस काढतेय. चिठ्ठी 'सोमवारी बघू'च्या ट्रेमध्ये टाकली आणि फोन घ्यायला बसले. काकांना मात्र एक फोन केला नाही.

सोमवारी पोस्टमनच सांगत आला. काका खुर्चीत गेले होते. डॉक्टर म्हणाले, शनिवारी कधीतरी. चार-पाच दिवस हृदयाच्या गोळ्या पोटात नव्हत्या.

डेलिथ मंगळवारपासून स्वान्झीला बहिणीकडे होती. काकांना मूलबाळ नाही. दुसरं कुणी त्या घरात गेलंच नव्हतं.

पोस्टमननं त्यांच्या टेबलावरची पिशवी परत आणून माझ्यासमोर ठेवली. मी पाठवली होती तशीच. तोंडाला माझ्याच पिना... दोन्ही जागच्या जागी.

पिना काढल्या. गोळ्या सगळ्या होत्या.

आतली चिठ्ठी नव्हती.

ती माझ्या ट्रेमध्ये होती.

बाईंनी मला एक दिवस आधी सांगितलं होतं. मी वाचलं नाही.

डेलिथची माफी मागायला गेले. तिनं दार उघडलं नाही. मीही दुसऱ्यांदा वाजवलं नाही.

आता माझ्या आईची औषधं चालू आहेत. तिची चिठ्ठी मीच भरते, निळ्या पेनने. मीच पेटीत टाकते. तरी रोज सकाळी पेटी उघडली की आधी तिचीच चिठ्ठी शोधते.

टिक आहेत ना, ते बघते.

मग खाली बघते... रेघ तर नाही ना.