एका वाटीचं व्रत

पहाटेच्या धुक्यातून कातरगडाचे काळे कडे उघडे पडू लागले, तेव्हा गडाखालच्या शत्रूच्या राहुट्यांपर्यंत पोहोचेल असा किल्लेदार सुभानराव दळव्यांचा टाहो सदरेवर घुमत होता. दोन दिवस लघवी तुंबलेली. उतरले ते रक्ताचे चार थेंब.

"विषप्रयोग!" सबनीस त्रिंबकपंत गरजले. "पाणी भरणाऱ्या हुसेन पखालजीचा कडेलोट करा!"

हुसेनच्या मुसक्या बांधल्या. भाल्याच्या दांड्यानं त्याचे दात पाडले.

"थांबा!" जिवा न्हावी पुढं झाला. गडावरच्या जखमा शिवणारा तोच. "विष नाही, मुतखडा आहे. वेढा उठेतो दिवसाला एकच वाटी पाणी, असं व्रत सरकारांनी नऊ महिन्यांमागं घेतलं. उन्हात घाम गाळायचा आणि पाणी प्यायचं नाही! मग मूत घट्ट होणार, त्यातला खार तळाशी बसणार, खारावर खार चढून खडा होणार. मिठागरात दुसरं काय होतं?"

"हजामा, धन्याच्या व्रतावर बोट ठेवतोस?"

"बोट नाही पंत, सुरी ठेवणार आहे. खडा नाही निघाला, तर हुसेनच्या आधी मला ढकला."

सुभानरावांनी दातओठ खात हुकूम सोडला, "काप!"

अफू पाजली. चौघांनी हातपाय दाबले. जिवाची सुरी जांघांमध्ये शिरली, रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली, आणि किंकाळीमागोमाग सुपारीएवढा खरबरीत खडा परातीत खणकन पडला.

पंतांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना किल्लेदार मेलेलाच हवा होता. दरवाजा उघडायचा सौदा त्यांनी शत्रूशी कधीच केला होता. "हजामानं धनी मारला!" ओरडत त्यांनी कट्यार उपसली आणि मंचकावर झेप घेतली. मंचकाजवळच मुसक्या बांधून ठेवलेल्या हुसेननं मध्ये अंग झोकलं. कट्यार त्याच्या गळ्यात मुठीपर्यंत रुतली.

पहारेकऱ्यांनी पंतांना जागीच खांडोळलं. त्यांच्या कमरेला शत्रूचं शिक्क्याचं पत्र निघालं.

दरवाजा शाबूत राहिला. दुपारी शुद्धीवर आलेल्या सुभानरावांनी कोरड्या ओठांनी पाणी मागितलं. जिवानं तांब्या पुढं केला.

"वाटी आण. व्रत आहे माझं."

"तुमच्या व्रतानं खडा केला, सरकार, आणि खड्यानं माणूस खाल्ला. टाकी काठोकाठ भरलेली आहे, तहानेनं मरायची गरज कुणाला होती? हे हुसेननं काल वाहिलेलं पाणी. मुकाट्यानं प्या. उद्यापासून तुमचं तुम्ही वाहा."

किल्लेदारानं तांब्या तोंडाला लावला, आणि तळ दिसेतो खाली ठेवला नाही.