लाइलकाकांची ट्रॉली

"काका, ही ट्रॉली जोडायची पिन नाहीये. नुसता बोल्ट आहे," मारित ट्रॅक्टरमागे वाकून म्हणाली.

"मग? धरलंय ना त्यानं?" लाइलकाकांनी बिअरचा डबा रिकामा केला. "तुझ्या जन्माआधीपासून ट्रॉल्या ओढतोय मी, पोरी."

बोल्ट गंजलेला होता आणि जरासा वाकलाही होता. जोडीला लावायची साखळीही काका गोठ्यातच विसरले होते. मारितनं आईला सांगितलं.

"आज सणाच्या दिवशी कुरकुर नको," आई म्हणाली. "काकांना कळतं."

विस्कॉन्सिनच्या त्या खेड्यात घरं लांब लांब, रस्त्याला दिवे नाहीत. म्हणून हॅलोवीनला सोंगं घेतलेली लहान मुलं काकांच्या ट्रॉलीत गवतावर बसून दारोदार गोळ्या मागत फिरायची. आज नऊ जण होते. त्यांतला चंदेरी पुठ्ठ्याचा अंतराळवीर म्हणजे मारितचा पाच वर्षांचा भाऊ नील्स. बारा वर्षांची मारित आणि तिचा वर्गमित्र रूडी यांनी सगळ्यांवर लक्ष ठेवायचं होतं.

तिसऱ्या घरापाशी रूडीनं बोल्टवर बॅटरी मारून पाहिलं. "मघापेक्षा जास्त वाकलाय गं."

"आणि पुढं चर्चची टेकडी. सगळा भार मागं ओढणार."

"काका ऐकायचे नाहीत."

"काकांना सांगतंय कोण? पोरांनाच उतरवू."

टेकडीच्या पायथ्याशी टॉलेफसन आजींचं घर होतं. तिथं गोळ्या घेऊन झाल्यावर रूडीनं आपली भरलेली पिशवी उंच धरली. "आता भुतांची मिरवणूक! शेताच्या कडेनं चालत टेकडी चढेल त्याला यातली मोठी चॉकलेटं. ट्रॉलीत बसेल त्याला भोपळा."

"माझी सगळी चॉकलेटं गेली," तो मारितच्या कानात पुटपुटला.

"काय एकेक थेरं," म्हणत काकांनी ट्रॅक्टर सुरू केला.

मारितनं डोकी मोजली. आठ.

"नील्स कुठंय?"

"तो उतरलाच नाही," एक चेटकीण म्हणाली. "झोपलाय गवतात."

ट्रॉली हलली होती. मारितनं हाका मारल्या, पण इंजिनाच्या आवाजात काकांना काहीच ऐकू गेलं नाही. ती धावली, मागच्या फळीला लोंबकळून वर चढली, नील्सला पुठ्ठ्यासकट कवटाळलं आणि रस्त्याच्या कडेला उडी टाकली. गुडघे खडीवर सोलवटले. नील्स रडू लागला.

टेकडीच्या मध्यावर काडकन आवाज झाला.

ट्रॉली मागं घरंगळत खाली आली, त्या दोघांपासून हातभर अंतरावरून गेली आणि पायथ्याच्या ओढ्यावरच्या पुलाच्या दगडी कठड्यावर आदळली. फळ्यांचे तुकडे झाले, गवताचे भारे ओढ्यात पडले.

काका धडपडत खाली आले. "किती होते आत? किती?" ते कमरेएवढ्या पाण्यात उतरून भारे उपसू लागले.

"कुणी नव्हतं, काका," मारित म्हणाली. त्यांना ऐकूच येईना. शेवटी रूडीनं त्यांचा दंड धरून त्यांना वर आणलं आणि मुलांपुढं उभं केलं. काकांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं. नऊ झाले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आवाज ऐकून गाव जमलं. टॉलेफसन आजींनी रूडीला जवळ घेतलं. "तुम्ही दोघं होतात म्हणून आज ही नऊ घरं वाचली," त्या म्हणाल्या. माणसं माना डोलावत होती, पण कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आई मारितच्या गुडघ्यातले खडे वेचत बसली होती.

"मी आधीच सांगितलं होतं," मारित म्हणाली.

"हो," आई म्हणाली. "सांगितलं होतंस."