वत्सलाबाईंची हळद

"तेजू, लवकर ये. रोशनीला दिसत नाय. आन् समदे म्हणत्यात, म्याच हळदीत काय तरी घातलं."

फोनवर आईचं हे ऐकून तेजस्विनीने द्वारका चौकातल्या आपल्या चष्म्याच्या दुकानाचं शटर खाली ओढलं आणि रिक्षा पकडली.

ती मामाच्या दारात उतरली. ओली फडकी डोळ्यांवर धरून बायका मांडवात कण्हत होत्या. चेहरे लालबुंद. मामाची रोशनी, उद्याची नवरी, उशीत तोंड खुपसून रडत होती.

"ताई, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. मी आंधळी झाले का गं?"

तेजस्विनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

स्टेजवर डेकोरेटर धनराज ट्यूबलाइट उतरवत होता. काल संध्याकाळी हळदीच्या वेळी काळा गॉगल लावून मिरवला, म्हणून तेजस्विनीसकट सगळ्या पोरींनी त्याची भरपूर खेचली होती. आज स्वारी मान वर करत नव्हती.

"पोलिसांना फोन केलाय," डोळ्यांवर ओलं फडकं धरून मामी म्हणाली. "विधवेचा हात हळदीला नको, असं मी ओरडून सांगत होते. आणि बघा, बायकांत तुम्हा मायलेकींचेच डोळे तेवढे धड आहेत."

 पोलिसांनी आईला खरंच नेलं तर? तेजस्विनी स्वयंपाकघरात धावली. वत्सलाबाई कोपऱ्यात अंग चोरून बसल्या होत्या.

"आई, हळद कशी कालवलीस?"

"हातानंच."

"मांडवात आली होतीस?"

"मला कोण येऊ देतंय? हितंच व्हते."

आईचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. पण कातडीवर साधा चट्टाही नव्हता.

ओसरीवर हिरामणमामा नेहमीचा चष्मा लावून मोबाइलमध्ये डॉक्टरांचा नंबर शोधत होते. त्यांचेही गाल भाजल्यासारखे लाल होते.

"मामा, तुम्हाला हळद कोणी लावली?"

"कोणीच नाही. मी स्टेजसमोर खुर्चीत बसून होतो."

तेजस्विनी आरशासमोर गेली. तिचेही गाल लाल होते. तिने चष्मा काढला. डोळ्यांभोवती मात्र चष्म्याच्या आकाराची नितळ कातडी होती. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

ती स्टेजजवळ गेली. शेवटची ट्यूब अजून वर होती.

"धनराजभाऊ, ह्या कसल्या?"

"एलईडी हो, ताई. एलईडीने कोणाचं काय बिघडतं?"

"मग लावू या. चला, आपण दोघं समोर उभे राहू."

तिने बटणाकडे हात नेला. तिचा अंदाज चुकला तर आईला वाचवायला दुसरं काहीच नव्हतं.

"नका लावू, ताई." धनराज झटकन मागे सरला. त्याचा हात नकळत खिशातल्या गॉगलवर गेला.

ओसरीवरचे मामा उठून पुढे आले.

"हळदीत काही असतं, तर आधी आईचे हात सोलले असते," तेजस्विनी म्हणाली. "मामांना हळद लागलीच नाही, तरी गाल भाजले. म्हणजे भाजलं ते उजेडाने. साधी एलईडी असं करत नाही. ही जंतू मारायची अल्ट्राव्हायलेट ट्यूब आहे, माणसं बाहेर काढून लावायची. हिने डोळे भाजतात, पण कळतं काही तासांनी. काच ही किरणं अडवते, म्हणून आम्ही चष्मेवाले वाचलो. आई भिंतीआड होती, म्हणून ती वाचली. आणि तुम्ही गॉगल लावला होता, भाऊ. तुम्हाला सगळं माहीत होतं."

धनराजने हात जोडले. "जांभळ्या एलईडी ऐनवेळी जळाल्या. कोरोनातल्या ह्या गोदामात पडून होत्या. वाटलं, तेवढ्या वेळात काय होतंय."

मामांनी डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं. डॉक्टर लगेच निघाले. एक-दोन दिवसांत बहुतेक दिसू लागेल, डोळे चोळू नका, असं त्यांनी बजावलं. मामा भिंतीला टेकून रडले.

रोशनीने हवेत हात चाचपला. "आत्या कुठंय?"

वत्सलाबाई दारापर्यंत आल्या आणि सवयीने उंबऱ्याशीच थांबल्या.

"उद्या मला नीट दिसेल की नाही, कोण जाणे," रोशनी म्हणाली. "बोहल्यावर तूच मला हाताला धरून ने."

वत्सलाबाईंनी मामीकडे पाहिलं. मामी दारातून बाजूला झाली. मग वत्सलाबाईंनी पिवळे हात पदराला पुसले आणि त्या मांडवात आल्या.