चंद्रावरची जवारी

आधी एक कोडं. सव्वा मीटर लांबीची सतार पंच्याऐंशी सेंटिमीटरच्या पिशवीत कशी घालाल? कापायची नाही, मोडायची नाही, आणि बाहेर काढल्यावर ती सतारीसारखीच वाजली पाहिजे.

माझ्या वर्गातल्या शौनकने "तिरकी घालायची" असं उत्तर दिलं होतं. तिरकी घालूनही मावत नाही. मी मोजून बघितलंय.

हे कोडं आमच्या घरात आणलं शुभदाआत्यानं. ती भूशास्त्रज्ञ (दगड, माती आणि जमिनीच्या पोटाचा अभ्यास करणारी) आहे. २०५३ सालच्या मे महिन्यात ती चंद्रावरच्या तळावर दोन वर्षं राहायला निघाली होती. तिथं नेण्यासाठी प्रत्येकाला स्वतःचं म्हणून तीन किलो सामान आणि एक पिशवी. पिशवीची लांबी वर सांगितलीच आहे.

आत्या आठ वर्षांची असल्यापासून सतार वाजवते. कितीही दमून आली तरी अर्धा तास वाजवल्याशिवाय ती ताटावर बसत नाही. नियम वाचल्यावर ती म्हणाली, "चालतंय की! दोन वर्षांचा तर प्रश्न." मग ती स्वयंपाकघरात गेली आणि एकच पेला विसळत कितीतरी वेळ उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. मला आत्या घरात सगळ्यांत जास्त आवडते, आणि तिला हसायचं नाटक अजिबात जमत नाही.

शेजारचे दस्तगीरचाचा म्हणाले, "नियम सोड पोरी, तिथली हवा काय म्हणतीया? कोरडी ना? मग सतारीचा भोपळा तडकलाच म्हणून समज." चाचा सतारी बनवतात. आमच्या मिरजेत सतारी बनवणारी एक अख्खी गल्ली आहे आणि चाचांचा कारखाना तिच्या तोंडाशीच आहे. आत्याची सतारही त्यांच्याच हातची.

"सतार न्यायचीच नाही," माझे आजोबा म्हणाले. "सतारीचा आवाज न्यायचा."

आजोबांनी एका संशोधन संस्थेत पस्तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्सचं काम केलंय. निवृत्त झाल्यापासून ते आणि चाचा रोज सकाळी चहा पीत एकमेकांशी वाद घालतात. त्या दिवशी आजोबांनी माळ्यावरून एक गिटार काढली. तिची मान मोडलेली होती. ती कशी मोडली हे आजोबा सांगत नाहीत, पण आजी सांगते की ते तिच्यावर बसले होते.

"ही साधी गिटार नाही, केतकी," आजोबा म्हणाले. "ही प्रतिरूप गिटार आहे (दुसऱ्या वाद्यांच्या आवाजाची नक्कल करणारी). हिचं अवयवदान करायचं."

मी आनंदानं उडीच मारली. एखादी वस्तू उघडायला मिळणं म्हणजे माझा सण असतो.

गिटारच्या घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या भागावर, प्रत्येक तारेसाठी एक वेगळा छोटा धातूचा टेकू होता. आजोबांनी त्यातला एक काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या खाली तांदळाएवढा पांढरा तुकडा चिकटवलेला होता.

"हा दाबवीज स्फटिक (दाबला की किंचित वीज निर्माण करणारा पदार्थ). आपला गॅस पेटवायचा लायटर आठव. खटका दाबला की ठिणगी पडते ना? त्यातही हाच असतो. इथं तार थरथरली की टेकू दाबला जातो, सुटतो, पुन्हा दाबला जातो. स्फटिकातून तशीच थरथरती वीज निघते."

"म्हणजे प्रत्येक तारेला स्वतःचा कान आहे!"

"बरोबर. आणि तो फक्त आपल्याच तारेचं ऐकतो. शेजारणीच्या भानगडीत पडत नाही."

पुढची गंमत त्या कानांना जोडलेल्या हिरव्या पट्टीवर होती. ती पट्टी येणारी वीज एका सेकंदात अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजते. प्रत्येक मोजणीचा एक आकडा. आवाजाचे असे आकडे झाले की त्यांच्यावर गणित करता येतं. ते गणित झाल्यावर आकड्यांची पुन्हा वीज करायची आणि ती ध्वनिक्षेपकाला (विजेपासून आवाज काढणाऱ्या डब्याला) द्यायची.

"पण गणित करून गिटारची सतार कशी होते?" मी विचारलं.

आजोबांनी आत्याच्या सतारीवर सा छेडला. मग तोच सा माझ्या बासरीवर वाजवायला सांगितला. "स्वर एकच. मग डोळे मिटूनही तुला कोणतं वाद्य ते कसं कळलं?"

मग आजोबांनी कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक खिडकीला बांधलं आणि दुसरं मला हलवायला दिलं. सावकाश हलवलं की सगळ्या दोरीचा एकच मोठा फुगवटा झाला. भरभर हलवलं की दोन झाले, आणखी भरभर हलवलं की तीन. आजोबा म्हणाले, "तार हे सगळं एकाच वेळी करते. मोठ्या फुगवट्याचा तो मुख्य स्वर. बाकीच्यांचे ते अधिस्वर (मुख्य स्वराबरोबर निघणारे बारीक, उंच स्वर). कोणता अधिस्वर किती जोरात आणि किती वेळ ऐकू येतो, त्यावरून वाद्य ओळखू येतं. सतारीचा भोपळा काही अधिस्वरांना उचलून धरतो. खालच्या तेरा तरफा (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारा) त्यात भर घालतात. हे सगळं मोजून लिहून काढलं की झाली सतारीची गणिती कृती. हिरव्या पट्टीला ती कृती शिकवायची, म्हणजे साध्या तारेच्या आवाजातून ती सतार रांधेल."

त्यासाठी आजोबांनी आत्याची सतार एकेक स्वर छेडत तीन दिवस ध्वनिमुद्रित केली. चाचांनी तोवर तुनाच्या लाकडाची एक चिमुकली गिटार घडवली. तिला डोकं नव्हतं. तारा पिळायच्या खुंट्या खालच्या टोकाला होत्या, म्हणून लांबी एकोणऐंशी सेंटिमीटरवरच थांबली. मींड घेण्यासाठी, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकता यावं म्हणून, त्यांनी सतारीसारखे उंच पडदे बसवले.

"बिनडोक वाद्य हे पहिलंच हं माझ्या हातचं," चाचा म्हणाले.

"वाजवणारे मात्र पुष्कळ पाहिले असशील," आजोबा म्हणाले, आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसले.

मी वायरी काढायचं काम केलं. काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीला आजीच्या भरतकामाच्या डब्यातला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि वहीत चित्र काढून ठेवलं. नव्या लाकडात चाचांनी पट्टीसाठी खोबण कोरली. तिला आतून तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला, कारण घरातल्या विजेच्या तारांची घूंघूं पट्टीला ऐकू येऊ द्यायची नव्हती. आजोबांनी एकेक सांधा डाख देऊन जोडला आणि टेकू, पट्टी सगळं जागच्या जागी बसवून वाद्य एका रात्रीसाठी चाचांकडे पॉलिशला दिलं.

आत्या निघायला तीन दिवस होते. सकाळी सगळे कारखान्यात जमलो. आत्यानं बोटात नखी चढवली आणि सा छेडला.

पत्र्याच्या डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखा आवाज आला. आत्यानं पुन्हा छेडला. पुन्हा तेच.

आजोबांनी दिवसभर गणित तपासलं. मी सगळे दोरे वहीशी ताडून पाहिले. चूक सापडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनीही हात टेकले. आत्या म्हणाली, "राहू दे रे बाबा. तुम्ही एवढं केलंत, हेच खूप आहे." ती पुन्हा तसंच हसली, पेला विसळण्याआधी हसली होती तसं, आणि मला ते सहन होईना.

"आजोबा, पट्टीचं गणित बंद करून नुसती तार ऐकता येते का?"

"येते की. कच्चा आवाज ऐकायचाय?" त्यांनी एक बटण दाबलं.

मी तार छेडली. गिटारची नुसती तार साधी, स्वच्छ वाजायला हवी होती. ही झणझणत होती! मी चाचांचं भिंग उचलून घोडी पाहिली. माळ्यावरची गिटार मी उघडली तेव्हा टेकूंचे माथे टोकदार होते. आता ते सपाट होते आणि तारेच्या दिशेनं अगदी हलका उतार घेत होते.

"चाचा, हे टेकू कुणी घासले?"

"मीच की," चाचा सहज म्हणाले. "पॉलिश झाल्यावर जवारी काढली."

जवारी म्हणजे सतारीच्या घोडीचा माथा असा घासणं, की थरथरणारी तार त्याला हळूच चाटून जाते. ती दर वेळी चाटते तेव्हा ताजे अधिस्वर उठतात. सतारीचा तो लांबत जाणारा झणकार त्यातूनच येतो. आणि आजोबांच्या गणितातही जवारी होतीच! चाचांनी हातानं एकदा काढली, पट्टीनं तिच्यावर आणखी एकदा चढवली. आईनं मीठ घातलेल्या आमटीत आजीनं पुन्हा मीठ घालावं, तसा प्रकार झाला होता.

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अरे दस्तगीर, पट्टीला साधी तार हवी होती! विचारायचं तरी!"

चाचांचा चेहरा उतरला. "पन्नास वर्षांत माझ्या हातून एकपण वाद्य जवारीबिगर बाहेर गेलेलं नाही. पोर एवढी लांब चाललीय. तिला तसंच देऊ? म्हणजे आता आकड्यांची जवारी पाहिजे, हाताची नको. असंच ना?"

नवे टेकू मागवायचे तर आठवडा लागणार होता आणि आत्या परवा पहाटे निघणार होती. मी पुन्हा कच्ची तार छेडली. झणकार लवकर विरला, पण तो खोटा नव्हता. तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं.

"आजोबा, तुमच्या कृतीत भोपळा, तरफा आणि जवारी वेगवेगळ्या पायऱ्यांत लिहिलीय ना?"

"हो. तीन पायऱ्या."

"मग जवारीची पायरी खोडा! चाचांनी खरी जवारी तारेतच घातलीय. स्फटिक ती ऐकतोच आहे. भोपळा चंद्रावर नेता येत नाही, तरफांना जागा नाही, ते आकड्यांत राहू देत. जवारीला कुठं जागा लागते?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग चाचांकडे. चाचा उठून वाद्याजवळ आले आणि टेकूवरून नख फिरवत म्हणाले, "एवढ्याशा लोखंडावर कसली जवारी! हिला ऐसपैस माथा पाहिजे. द्या इकडं."

त्या संध्याकाळी चाचांनी आबनुसाच्या काळ्या लाकडाचे नखाएवढे सहा तुकडे कापले आणि टेकूंवर चिकटवले. स्फटिक खाली जिथल्या तिथं राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते एकेक माथा घासत होते. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची. आजोबा शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी जवारीची पायरी खोडली आणि तरफांची थोडी वाढवली. दोघांनी सबंध दिवसात एकदाही वाद घातला नाही, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

चार वाजता आत्यानं वाद्य मांडीवर घेतलं. सा छेडला. झणकार उठला, लांबत गेला, आणि त्याच्या मागून नसलेल्या तेरा तारा एकामागून एक जाग्या झाल्या. आत्यानं मींड घेतली. वाजवता वाजवताच तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती हसायला लागली. या वेळी नाटक नव्हतं. मी तर कारखान्यात नाचलेच. ध्वनिक्षेपकासकट वाद्याचं वजन भरलं दोन किलो सहाशे ग्रॅम. उरलेल्या चारशे ग्रॅममध्ये आजीनं मेतकूट घातलं.

यानंतर पाच महिन्यांनी, एका रविवारी, चंद्रावरून आत्याचा फोन आला. पडद्यावर ती वाद्य घेऊनच बसली होती. चंद्र इतका दूर आहे की आपलं बोलणं तिथं पोचून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. त्यामुळे कुणीच कुणाला मध्येच तोडू शकत नाही. आजोबा आणि चाचांना याची सवय व्हायला वेळ लागला.

"चाचा, तिसऱ्या तारेचा आवाज बसल्यासारखा वाटतोय," आत्या म्हणाली आणि तिनं ती छेडली.

आजोबा लगेच म्हणाले, "मी इथून आकडे बदलून पाठवू का?"

"आकडे राहू दे," चाचा म्हणाले. "वाजवून वाजवून तारेनं लाकडात खाच पाडली असंल. माथा पुन्हा घासून जवारी उघडायला पाहिजे." ते पडद्याच्या अगदी जवळ सरकले. "शुभदा, तुझ्याकडं दगड घासायची बारीक कानस असंल की नाही?"

अडीच सेकंद गेले. "आहे, चाचा. पण मला जमेल का?"

"केतकीला जमतंय. आता तीन तारांची जवारी काढती ती." हे खरं आहे. मी दर शनिवारी चाचांकडे शिकते. "तार सैल कर. कानस माथ्यावर ठेव. दाबू नको. एकदाच फिरव, उताराच्या दिशेनं. मग तार चढव आणि ऐक."

आत्यानं तार सैल केली आणि कानस फिरवली. चंद्रावर सतारीची जवारी निघायची ही पहिलीच वेळ होती. तिनं तार चढवली, स्वराला आणली आणि छेडली.

चाचा डोळे मिटून ऐकत होते. झणकार संपेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"अजून एकदा फिरव," ते म्हणाले. "घाई नाही. मी बसलोय इथं."