उजवीकडून ओढलेली रेघ

अक्षर वाकडं आहे, तेवढं समजून घ्या. मी डावखुरी. उजव्या हातानं लिहायला लागून आज अकराच दिवस झाले. शाळेत गुरुजींनी बोटांवर पट्ट्या मारल्या तरी जे जमलं नव्हतं, ते आता भीतीपायी करून राह्यले. काऊन, ते सांगते.

सुरुवात साधीच होती. मे महिन्यात रामाजी गुरुजींची पोरगी प्रतिभाताई गावात आली. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याच्या अलीकडं, चारी बाजूंनी कापसाची रानं. ताई मोठ्या शहरात कॉलेजात शिकवते. सुट्टीभर तिला हाताखाली एक बाई पाहिजे होती, झाडझुडीला, चहाला अन् दिवा धरायला. भर उन्हाळ्यात दिवा कशाला धरायचा ते मला कळलं नाही. जायचं माझ्या मनातही नव्हतं. चंदनला, माझ्या वीस महिन्यांच्या पोराला, मी नजरेआड करत नाही. पण सासूनंच ढकललं.

"जाय व चंदे. दिवसभर पोराच्या मागं सावलीवानी फिरतं. त्यालेबी जरा श्वास घेऊ दे."

"तुमी त्याला खाली सोडसान नाही ना, आत्याबाई?"

"नाही सोडत. शिंक्यात टांगून ठेवतो. जाय आता!"

गुरुजींच्या घराची मागची खोली. खिडक्यांना काळी ताडपत्री ठोकलेली, दाराला आतून गोधडी. बाहेर बारा वाजताचं ऊन, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं, अन् आत पाऊल टाकलं की डोळे गेल्यासारखा अंधार. औषधाचा अन् जुन्या कागदांचा वास, भिजून वाळलेल्या ज्वारीसारखा. त्या अंधारात ताईनं जांभळा दिवा लावला. त्याचा उजेड पडला न पडल्यासारखा. पण टेबलावरचा कोरा कागद हळूहळू पेटल्यासारखा झाला अन् त्यावर हिरवी अक्षरं वर आली. तळ्यातून मासे वर यावेत तशी.

मी दिवा सोडलाच असता. ताई हसली. "भिऊ नको गं. भूत नाही, भुकटी आहे."

ती बाटलीतलं पाणी कागदावर फवारायची. त्यात कसले तरी दाणे होते. मोहरीच्या एका दाण्याचे लाख तुकडे करावेत अन् त्यातल्या एका तुकड्याचे परत लाख, इतके बारीक. डोळ्यांना दिसत नाहीत, पण जांभळा उजेड पडला की चमकतात. गंमत म्हणजे माल एकच. दाणा जरा लहान असला तर निळा, जरा मोठा असला तर लाल.

"शाई उडून जाते, चंदा. पण लेखणी टेकली तिथं कागदाचं अंग दुखावलेलं असतं. हे दाणे बरोबर तिथंच जाऊन बसतात."

कागद होते निजामाच्या काळातले. आमच्या भागातल्या सालदार गड्यांनी तहसीलदाराला लिहिलेले चाळीसेक अर्ज. खाली कोणाचं नाव नाही. ते सगळे एकाच माणसानं लिहिले का, अन् तो माणूस म्हणजे ताईचा पणजोबा का, हे तिला शोधायचं होतं.

"सही नसली म्हणून माणूस लपत नाही," ती म्हणायची. "कुठं दाबतो, कुठं हात उचलतो, कोणता शब्द आधी घेतो... हे ज्याचं त्यालाच. अक्षरांवरची रेघ कोणीकडून ओढली तेसुद्धा दिसते. जिथं सुरू झाली तिथं जाड."

मी सहज म्हणाले, "माझी रेघ उजवीकडून असते. अन् मी आधी रेघ ओढते, मग तिला अक्षरं लटकवते. दोरीवर धुणं घालावं तशी."

ताईला लई नवल वाटलं. "उजवीकडून ओढायची सवय मी अजून कोणाचीच पाहिली नाही."

त्या दिवशी घरी आले अन् माझ्या मनात ते शिरलं.

आमच्यात बाळ झालं की सहाव्या रात्री सटवी येते. तिच्यासाठी पाट्यावर कोरा कागद अन् पेन ठेवतात. ती बाळाचा लेख लिहून जाते. सकाळी कागद कोराच असतो, पण माझी सासू तो फेकत नाही. बाळाच्या पहिल्या झबल्याच्या चिंधीत गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवते. त्या पेटीत तीन कागद होते. माझ्या नवऱ्याचा, पंढरीचा. चंदनचा. अन् पिवळ्या फुलांच्या चिंधीतला सुनयनाचा.

सुनयना माझी पहिली पोरगी. दोन वर्षांचीही झाली नव्हती. तीन वर्षांमागं, मिरगात, पेरणीच्या दिवशी तिनं कापसाच्या बियाण्याचे दाणे खाल्ले. ती सरकी औषध लावलेली असते, गुलाबी, दिसायला गोळ्या-बिस्किटासारखी. आदिलाबादला नेता नेता जीपमध्ये माझ्या मांडीवर गेली.

पाकीट उघडं कोणी ठेवलं, हे सगळ्यांनी विचारलं. माझा सासरा डोमाजी म्हणाला, "मीच ठेवलं असन. मीच फोडलं होतं." तो त्यानंतर कोणाशी नीट बोलला नाही. मागच्या हिवाळ्यात वारला. पाकीट त्यानं फोडलं होतं खरं, पण तोंड बांधून ठेवलं होतं. गाठ मी सोडली होती, मापटं भरून द्यायला. परत बांधली नाही. हे मी कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. मरतानाही म्हाताऱ्याला सांगितलं नाही.

म्हणून मला पाहायचं होतं. लिहिलेलंच होतं का ते? लिहिलेलं असलं तर माझा दोष तेवढा कमी.

ताई आधी नाही म्हणाली. "आमच्या घरी हे मानत नाहीत, चंदा. कोऱ्या कागदावर काय निघणार?" मग माझ्या तोंडाकडं पाहून म्हणाली, "आण. काही निघणार नाही, तेच तुला दिसू दे."

दुपारचे बारा. तिनं फवारलं. मी दिवा धरला. किती तरी वेळ नुसता कागद. माझा श्वास मोकळा होत होता, तेवढ्यात एक आडवी रेघ उमटली. मग तिच्याखाली एक एक अक्षर उतरलं.

आईनं पुडा उघडा ठेवला.

बाहेर एक बैलगाडी गेली, तिची घुंगरं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

"हे... तू लिहिलंस का गं?" ताईनं अगदी हळू विचारलं.

"नाही."

"बिनशाईच्या पेनानं? नंतर, दुःखात? मी रागावणार नाही."

"नाही, ताई. चंदनची शपथ."

तिनं एक वही पुढं केली. तेच चार शब्द मला लिहायला लावले. मी डाव्या हातानं लिहिले. तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले अन् भिंगातून पाहत राहिली. मला भिंगाची गरज नव्हती. रेघेचं जाड टोक दोन्हीकडं उजव्या अंगाला. 'ठ'चं पोट तसंच अर्धवट उघडं. आपलं अक्षर आपण ओळखतो, आरशातल्या तोंडासारखं.

"पेटीत अजून आहेत म्हणालीस ना," ताई म्हणाली. "घेऊन ये. तुझ्या नवऱ्याचा आण. त्याच्यावर काही नसणार. मग मला सांगता येईल की हे तूच..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

पंढरीच्या कागदाचा रंग चहासारखा झाला होता, घड्यांवर तुटला होता. फवारलं. रेघ आली, उजवीकडून.

नवव्या वर्षी डाव्या पायाला. वाचेल.

पंढरीला नऊ वर्षांचा असताना साप चावला होता. डाव्या घोट्याजवळ अजून खळगा आहे.

ताईनं ती वही परत ओढली. माझं अक्षर पाहिलं, कागद पाहिला. "तुझ्या नवऱ्याचं वय?"

"बत्तीस."

"अन् तुझं?"

"सव्वीस."

भिंग तिनं टेबलावर ठेवलं, तेव्हा ते खडखड वाजलं.

"माझ्या जन्माच्या आधी..." मी म्हणाले. "ताई, मी तेव्हा नव्हते ना. मंग माझा हात कुठं होता?"

"दार उघड," ती म्हणाली. "आधी दार उघड."

चंदनचा कागद राहिला होता. ती म्हणत होती पाहू नको. मी तिच्या पाया पडले. शेवटी तिनं फवारलं अन् तोंड फिरवून उभी राहिली. दिवा मीच धरला. धरून धरून हात भरून आला. कागद निळा निळा झाला, पण त्यावर काही नव्हतं. एक टिंबसुद्धा नाही.

"कोरा आहे," मी म्हणाले.

ताईनं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, ते जास्त वेळ टिकलं नाही. मलाही तेव्हाच कळलं. कोरा म्हणजे काही वाईट लिहिलं नाही, असं नाही. अजून लिहायचं आहे.

दोन दिवसांनी ताई गेली. सुट्टी बाकी होती तरी गेली. अर्जांचं गाठोडं घेतलं, जांभळ्या उजेडाची ती बॅटरी अन् उरलेली बाटली मला दिली. "रोज पाहत जा. कोराच राहील. भीती जाईल." एस.टी.त बसताना मी विचारलं, हात बदलला तर माणूस ओळखू येतो का? ती म्हणाली, "नव्या हाताला जुनी सवय नसते, चंदा. तो दुसऱ्याच माणसासारखा लिहितो."

तीन दिवस मी दुपारी गोधडीत शिरून चंदनचा कागद पाहिला. कोरा. चौथ्या दिवशी एक आडवी रेघ होती. खाली अक्षर नाही. जाड टोक उजवीकडं.

त्या रात्री मी सासूपुढं डावा हात धरला. "आत्याबाई, बांधा."

"येडी झाली का व?"

"बांधा, म्हणतो ना!"

तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं अन् बैलाच्या दाव्यानं हात खाटेला बांधला. तेव्हापासून रोज बांधते. दिवसा मी तो पदरात गुंडाळते, लचकला म्हणून सांगते. भाकरी उजव्यानं थापते, वाकड्या होतात. चंदनला खाऊ घालते ते उजव्यानं. अन् हात पक्का व्हावा म्हणून ही वही घेतली. रोज एक पान. रेघसुद्धा डावीकडून ओढते, अन् शेवटी.

दहा दिवस त्या रेघेखाली काही आलं नाही. मी थोडी झोपायला लागले होते.

काल पंढरीनं बियाण्याची पाकिटं आणली. मी दारातच अडवलं, शेजारच्या भगवंतरावांकडं ठेवायला सांगितलं. "काऊन, घर भगवंतरावाचं आहे का?" तो चिडला, पण पाकिटं त्यांच्या माळ्यावर ठेवून आला. शिडी मी स्वतः काढून घेतली.

आज बारा वाजता गोधडीत शिरले. बॅटरी लावली.

रेघेखाली एक शब्द आहे. आईनं.

डाव्या हाताचा नाही. 'आ'चा काना थरथरलेला, 'ई'चं शेपूट मधेच तुटलेलं, 'नं'वरचं टिंब बाजूला सरकलेलं. ही वही मी कागदाशेजारी धरली, पहिलं पान. 'आई' हा शब्द त्या पानावर मी सरावाला वीसदा लिहिला होता. तसाच आहे.

मी अजून गोधडीतच आहे. बॅटरी जळून राह्यली, लिहून राह्यले. बाहेर चंदन दोनदा "आई" म्हणाला. सासूचा आवाज नाही. ती कुठं गेली? उठून त्याच्याकडं जावं, की इथंच बसून राहावं? दोन्हीतलं कोणतं लिहिलं जाणार आहे?

त्यानं परत हाक मारली, आता जरा दुरून.

रेघ लांब आहे. अजून तीन शब्दांची जागा आहे.